ओटीतली हवा, पिशव्या आणि गळकी पाइपलाइन : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

पहिली बैठक. पत्रकावर विषय छापला होता : ‘शस्त्रक्रियागृह (ओटी) अधिक सुरक्षित व पर्यावरणस्नेही करणे’. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मागच्या वेळी या विषयावर सर्वांत जास्त मीच बोलले होते. गटात इन-चार्ज सिस्टर, बायोमेडिकल इंजिनिअर, सीएसएसडीचे (इन्स्ट्रुमेंट्स निर्जंतुक करणाऱ्या विभागाचे) सुपरवायझर, एसी प्लँटचा ऑपरेटर, एक सर्जन (पंधरा मिनिटं उशिरा आले, दहा मिनिटं आधी गेले) आणि भूलतज्ज्ञ म्हणून मी.

सगळं बोलणं कचऱ्याच्या पिशव्यांभोवती फिरलं. केस संपल्यावर दाराबाहेर साठणारा ढीग सर्वांना दिसतो, त्यामुळे त्यावर सर्वांची मतं असतात. कुणी म्हणालं कापडी ड्रेप (पेशंटवर पसरायच्या निर्जंतुक चादरी) परत आणा, कुणी म्हणालं त्याने इन्फेक्शन वाढेल. आकडा दोघांकडेही नव्हता.

सिस्टरांनी एकच अट घातली. ‘‘मॅडम, जे काही कमी कराल त्याच्यासमोर पेशंटला काय होऊ शकतं तेही लिहा. तो रकाना रिकामा असेल तर मी सही करणार नाही.’’ तेव्हा रजिस्टरमध्ये दोन रकाने आखले. काय वाचतं. काय बिघडू शकतं.

९ जानेवारी

वाचन. २०१७ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये तीन मोठ्या रुग्णालयांच्या ओटींचा कार्बन-हिशेब प्रसिद्ध झाला होता : व्हँकूव्हर, मिनियापोलिस आणि ऑक्सफर्ड. भुलीच्या वायूंचा वाटा व्हँकूव्हरमध्ये ६३ टक्के, मिनियापोलिसमध्ये ५१ टक्के आणि ऑक्सफर्डमध्ये अवघा ४ टक्के. एवढी तफावत कशाने? पहिल्या दोन ठिकाणी डेसफ्लुरेन (भुलीचा एक वायू) सर्रास वापरात होतं, ऑक्सफर्डला जवळजवळ नाही. दुसरी गोष्ट विजेची. रुग्णालयाच्या इतर भागांच्या तुलनेत ओटी चौरस फुटामागे तीन ते सहा पट ऊर्जा खाते, आणि त्यातली ९० टक्क्यांहून जास्त हवा खेळवण्यात, थंड करण्यात आणि गाळण्यात जाते. छतावरचे दिवे बदलून काय होणार ते यावरून कळतं. (मागच्या वर्षी आम्ही दिवे बदलले आणि फोटोही काढले.)

म्हणजे आमची बैठक आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी झाली. ढीग दाराबाहेर होता आणि खरा खर्च माझ्याच यंत्रातून आणि एसीच्या डक्टमधून जात होता. हे कळल्यावर थोडी लाजच वाटली. इतकी वर्षं भूल देते आहे, पण पेशंटच्या श्वासातून बाहेर आलेला वायू पुढे कुठे जातो हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं. उत्तर सोपं आहे. सेव्होफ्लुरेनचा (हाही भुलीचा वायू) जेमतेम २ ते ५ टक्के भाग शरीरात बदलतो, डेसफ्लुरेनचा तर जवळजवळ नाहीच. बाकीचा स्कॅव्हेंजिंगच्या (वापरलेला वायू बाहेर ओढून नेणाऱ्या) नळीतून गच्चीवर आणि तिथून आकाशात. स्कॅव्हेंजिंग आम्हाला वाचवतं, हवेला नाही.

१४ जानेवारी

बाटल्यांचा हिशेब मांडला. शंभर वर्षांच्या मापाने डेसफ्लुरेनची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५४० पट, सेव्होफ्लुरेनची सुमारे १३० पट. २४० मिलीच्या डेसफ्लुरेनच्या बाटलीत साधारण ३५० ग्रॅम द्रव. गुणाकार केला की जवळपास ८९० किलो कार्बन डायऑक्साइड. सेव्होफ्लुरेनची २५० मिलीची बाटली सुमारे ५० किलो. त्यातून डेसफ्लुरेनचा मॅक (भुलीसाठी श्वासात लागणारं प्रमाण) ६ टक्क्यांच्या आसपास आणि सेव्होचा २ टक्के, म्हणजे त्याच पेशंटला तेवढीच भूल द्यायला डेसफ्लुरेन तिप्पट लागतं. दोन्ही बाजूंनी मार.

आमच्याकडे डेसफ्लुरेनचा व्हेपोरायझर (द्रवाची वाफ करून वायूत मिसळणारं उपकरण) एकच. तो गरम करावा लागतो, कारण हे द्रव २३ अंशांच्या आसपासच उकळतं. तो बंद करायला विरोध होईल असं वाटलं होतं. झालाही, पण एकाच सहकाऱ्याचा. त्यांचं म्हणणं : वजनदार पेशंट, लांबलेली केस, डेसफ्लुरेनने पटकन जाग येते. मुद्दा खरा आहे, तो दुसऱ्या रकान्यात लिहिला. पण सेव्हो शेवटी वेळेवर कमी करत नेलं तर फरक काही मिनिटांचाच राहतो, आणि शिरेतून पूर्ण भूल देण्याची वाट आहेच. स्कॉटलंडने मार्च २०२३ मध्ये डेसफ्लुरेन थांबवलं. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून ते वैद्यकीय गरज असल्याखेरीज वापरता येणार नाही. सहकारी म्हणाले, ‘‘ठीक आहे, पण व्हेपोरायझर फेकू नका.’’ कपाटात ठेवला. वरच्या फळीवर.

२२ जानेवारी

तीन दिवस वही घेऊन सगळ्या थिएटरमध्ये फिरले. लिहायचं एवढंच : केस मध्यावर असताना फ्रेश गॅस फ्लो (यंत्रातून मिनिटाला सोडलेला ताजा वायू) किती. बहुतेक ठिकाणी ४ ते ६ लिटर. का, असं विचारलं तर उत्तर नाही. शिकताना कुणीतरी तिथे ठेवायला सांगितलं, तेव्हापासून फ्लो दाखवणारी गोटी तिथेच.

हिशेब करायला सोपं सूत्र आहे. फ्लो लिटरमध्ये, गुणिले व्हेपोरायझरवरचे टक्के, गुणिले तीन, म्हणजे तासाला किती मिली द्रव उडतं ते. ६ लिटर आणि २ टक्क्यांना ३६ मिली. १ लिटर आणि २ टक्क्यांना ६ मिली. पेशंट तोच, झोप तीच. रेसिडेंटना हे फळ्यावर करून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाला, ‘‘मॅडम, मग उरलेलं ३० मिली कुणाला भूल देतं?’’

इन्ट्युबेशनच्या (श्वासनलिकेत ट्यूब घालण्याच्या) वेळी मास्क काढला की बरेच जण व्हेपोरायझर बंद करतात आणि फ्लो चालू ठेवतात. व्हायला हवं उलट. फ्लो बंद करा, व्हेपोरायझर आहे तिथे राहू द्या. सर्किटमधला (यंत्र आणि पेशंट यांच्यातल्या नळ्यांमधला) वायू सर्किटमध्ये राहतो आणि आपल्या तोंडावर येत नाही. हॅलोजनयुक्त भुलीच्या वायूंसाठी निओश या अमेरिकी संस्थेने १९७७ मध्येच कर्मचाऱ्यांसाठी २ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत दोन) मर्यादा सुचवली होती. मास्क काढल्या क्षणी ६ लिटर चालू असेल तर डोकं ट्यूबवर वाकवलेला माणूस त्या मर्यादेत राहतो असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही.

३० जानेवारी

लो-फ्लोचा (कमी फ्लोवर भूल देण्याचा) दुसरा रकाना भरायला आठवडा गेला. फ्लो कमी असताना सर्किटमधली हवा पुन्हा पुन्हा फिरते, म्हणून रोटामीटरवर (फ्लो दाखवणाऱ्या नळीवर) जे दिसतं ते पेशंटला मिळेलच असं नाही. ऑक्सिजनचं प्रमाण हळूहळू खाली सरकू शकतं. तेव्हा ठरलं : श्वासातला ऑक्सिजन, भुलीचा वायू आणि कार्बन डायऑक्साइड तिन्ही मोजणारा मॉनिटर असेल तरच १ लिटर किंवा कमी. सुरुवातीला आणि जागं करताना फ्लो वाढवायचा, तिथे काटकसर नको.

हे ठरवून यंत्रं तपासली तर थिएटर २ मधल्या यंत्राचा ऑक्सिजन सेन्सर मुदत संपलेला निघाला. जास्त फ्लोवर काम चाललं म्हणून तो कुणाला जाणवला नव्हता. त्या यंत्रावर सेन्सर बदलेपर्यंत लो-फ्लो बंद. हवेचा विचार करताना हाताला लागलेली ही पहिली सुरक्षेची गोष्ट.

सोडा लाइमचं (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) : आतापर्यंत ते दर सोमवारी बदललं जायचं, लागो न लागो. आता श्वासात आत जाणारा कार्बन डायऑक्साइड वर यायला लागला की बदलायचं. वापरलं की त्याचा रंग बदलतो, पण एकट्या रंगावर विश्वास नको, वापरलेलं सोडा लाइम रात्रभर पडून राहिलं की रंग परत पांढरा होतो आणि सकाळी नव्यासारखं दिसतं.

कंपाउंड ए वर (सेव्हो सोडा लाइममधून जाताना तयार होणाऱ्या पदार्थावर) अर्धा तास वाद. उंदरांच्या मूत्रपिंडाला त्याने इजा झाली, माणसांत तसं दिसलेलं नाही, पण अमेरिकेतल्या लेबलवर सेव्होसाठी १ लिटरच्या खाली जाऊ नका असं आहे. मधला मार्ग निघाला : तीव्र अल्कली नसलेलं शोषक मागवायचं, ज्यात कंपाउंड ए होतच नाही म्हटलं तरी चालेल. ते येईपर्यंत १ लिटरवर थांबायचं.

५ फेब्रुवारी

पिशव्यांचा दिवस. सफाईच्या मावशींबरोबर हातमोजे घालून चार केसचा कचरा वेगळा करून पाहिला. मला वाटलं होतं मी त्यांना समजावेन. झालं उलटंच. त्या पिशवी नुसती उचलून सांगत होत्या : ‘‘ही हलकी आहे मॅडम, यात नुसते कागद आणि रॅप.’’ संसर्गजन्य कचऱ्याच्या पिशवीत पेशंट आत येण्याच्या आधीच फाडलेली वेष्टनं होती. त्यांना रक्ताचा थेंबही लागलेला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो. साधा कचरा धोक्याच्या पिशवीत गेला की तो जाळायला किंवा निर्जंतुक करायला जातो, आणि जळताना त्यात पीव्हीसी असेल तर डायॉक्सिन या विषारी पदार्थाची भीती. उपाय मावशींनीच सुचवला : ट्रॉली मांडून होईपर्यंत दारात साधी पिशवी, पेशंट आत आला की ती बाहेर आणि दुसरी आत. एका ओळीचा नियम. उद्यापासून.

११ फेब्रुवारी

आज जे कळलं ते महिनाभर आधी कळायला हवं होतं.

नायट्रस ऑक्साइडचा (भुलीचा जुना वायू) खप काढायला स्टोअरचं रजिस्टर मागवलं. मॅनिफोल्ड रूम (सिलिंडरं पाइपलाइनला जोडतात ती खोली) सांभाळणारे मामा ते घेऊन आले आणि सहज बोलून गेले, ‘‘मॅडम, सुट्टीच्या दिवशीपण तेवढीच सिलिंडरं लागतात.’’ मी दोनदा विचारलं. ‘‘हो, केस असो-नसो. मी तर आधी सांगितलं होतं.’’ कुणाला सांगितलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्यापैकी नायट्रस वापरणारे दोघंच उरलेत, तेही अधूनमधून. मग सिलिंडरं कोण पितंय?

आणि इतक्या दिवसांत गेजवर कसं दिसलं नाही? कारण सिलिंडरमध्ये नायट्रस द्रवरूपात असतो. द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत वरच्या वाफेचा दाब तसाच राहतो, खोलीच्या तापमानाला ५० बारच्या आसपास. काटा हलत नाही. मग एकदम पडतो आणि मामा नवं सिलिंडर लावतात. ऑक्सिजनचा काटा जे सांगतो ते नायट्रसचा सांगत नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मॅनिफोल्डसमोर उभी राहून कधी आठवलं नाही. नायट्रस मोजायचा तर वजन करावं लागतं.

१२ फेब्रुवारी

काल रात्री आठ वाजता, सगळ्या थिएटरमधल्या नायट्रसच्या नळ्या काढून, चालू बाजूची सिलिंडरं वजनकाट्यावर चढवली. मामांचा जोर आणि इंजिनिअरचा काटा. आज सकाळी सात वाजता परत. सव्वा किलो कमी.

सव्वा किलो म्हणजे जवळपास पावणेसातशे लिटर वायू. अकरा तासांत. मिनिटाला एक लिटर. थिएटरमध्ये एका लिटरच्या फ्लोवरून मी सहकाऱ्यांशी हुज्जत घालत होते आणि भिंतीमागून तेवढाच फ्लो दिवसरात्र वाहत होता, एकही पेशंट जोडलेला नसताना. नायट्रसची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट, म्हणजे एका रात्रीचे ३४० किलो. वर तो शंभराहून अधिक वर्षं हवेत टिकतो आणि ओझोनही खातो.

सुरक्षेचा रकाना : या वायूला रंग नाही, आणि गळतीची जागा मॅनिफोल्ड रूममध्ये असेल तर तिथे काम करणाऱ्या माणसाच्या श्वासात जातो. निओशची मर्यादा २५ पीपीएम. मामा रोज तिथे बसून चहा पितात.

२० फेब्रुवारी

साबणाच्या पाण्याने सांधे तपासले. मॅनिफोल्डवर दोन, थिएटर १ च्या आउटलेटवर एक, आणि बाकीचं कुठेतरी फॉल्स सीलिंगच्या वर. सापडलेलं दुरुस्त केलं, रात्रीची घट निम्म्यावर आली. पूर्ण थांबवायची तर सीलिंग उघडावं लागेल.

इंजिनिअर दुरुस्तीच्या बाजूने. मी विचारलं, दुरुस्त करून कुणासाठी? यंत्रावर लहान सिलिंडर लावलं तर त्या दोघांची गरज भागते. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेचाही सल्ला असाच आहे, मध्यवर्ती पाइपलाइन बंद करा, सुटी सिलिंडरं वापरा आणि वापर नसताना झडप बंद ठेवा. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत मोजमाप झालं तेव्हाही विकत घेतलेल्या नायट्रसचा मोठा भाग पेशंटपर्यंत पोचतच नाही असं दिसलं होतं. निर्णय व्यवस्थापनाकडे. मामांना चहाची जागा बदलायला सांगितलं. नाराज झाले.

६ मार्च

आता एसी. आठवड्याचे तास १६८. आमची नियोजित थिएटरं पाच दिवस दहा तास चालतात, म्हणजे ५०. उरलेले ११८ तास रिकाम्या खोलीत हवा तासाला वीस वेळा बदलते, हेपा (बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून, वीस अंशांवर, कुणीही नसताना. ॲशरे या अमेरिकी संस्थेच्या १७० क्रमांकाच्या मानकात वापरात असलेल्या ओटीसाठी तासाला किमान २० फेरे आहेत, त्यातले ४ बाहेरच्या हवेचे. खोली रिकामी असताना फेरे कमी करायला तेच मानक परवानगी देतं, अट एकच : खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्तच राहिला पाहिजे.

पंख्याचं गणित गमतीचं आहे. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा केला की वीज कागदावर एक अष्टमांश. प्रत्यक्षात तेवढी नाही, तरी बरीच. प्लँटचा ऑपरेटर म्हणाला की वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवलेलाच आहे, कुणी वापरायला सांगितलं नाही.

इमर्जन्सीचं थिएटर यातून पूर्ण वगळलं. त्यावर चर्चाच नाही.

१९ मार्च

रात्री साडेआठ. थिएटर ३ रिकामं. पंखा निम्म्यावर आणला. दाराशी लावलेलं दाबाचं गेज स्थिर, सगळं छान. सवयीने टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या खालच्या फटीशी धरली. ती नेहमी कॉरिडॉरकडे उडते. आज आत ओढली गेली.

दोनदा, तीनदा. आतच.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आम्ही आत येणारी हवा कमी केली होती आणि बाहेर खेचणारा एक्झॉस्ट वेगळ्या पॅनेलवर, तो पूर्ण वेगात. खोली कॉरिडॉरची हवा पीत होती. असंच चालू ठेवलं असतं तर वीज वाचली असती आणि कॉरिडॉरमधली धूळ रात्रभर टेबलावर आणि दिव्यावर बसली असती.

पण मग गेज का बोललं नाही? त्याची नळी मागे दुमडून चिमटली होती. काटा कधीतरी एका जागी अडकला होता आणि रोज सकाळी कुणीतरी तोच आकडा वहीत उतरवत होतं. वही मागे उलटून पाहिली. पानामागून पान, एकच आकडा. माझ्याही सह्या आहेत त्यात.

घरी जायला साडेअकरा झाले.

२ एप्रिल

एक्झॉस्ट आणि सप्लाय एकमेकांना बांधले, एक कमी झाला की दुसराही. तिन्ही थिएटरची गेज बदलली. आता रोज काट्याबरोबर टिश्यूची पट्टीही बघायची, आणि दार उघडलं की काटा हलतो का तेही. हलला नाही तर तक्रार.

निम्म्या वेगावर रात्र काढून पाहिली. दाब ठीक. आर्द्रता मात्र पहाटे चढत होती, ६० टक्क्यांच्या वर, म्हणजे मानकाच्या बाहेर. हवेतली ओल काढणारी एसीची कॉइल फार कमी थंड होत होती. तेव्हा फेरे कमी, पण आर्द्रतेवरचा ताबा चालू. बचत थोडी घटली. चालेल. ओल्या डक्टमध्ये बुरशी झाली तर ती काढायला ओटी बंद ठेवावी लागेल.

सकाळी पूर्ण वेग केसच्या तासभर आधी. २० फेऱ्यांना हवेतले ९९ टक्के कण निघायला १४ मिनिटं, ९९.९ टक्के निघायला २१ मिनिटं लागतात. तासभर म्हणजे सढळ हाताने. तरी सिस्टरांनी भिंतीवर मोठं बटण मागितलं, कुणीही केव्हाही दाबून पूर्ण वेग आणू शकेल असं. लाल नको म्हणाल्या, लाल बटणाला लोक घाबरतात. हिरवं लावलं.

१५ एप्रिल

तापमान. एका सर्जनना १८ अंश लागतात, गाऊन आणि लेड एप्रनमध्ये घाम येतो म्हणून. समजू शकते. पण त्याच खोलीत मी पेशंटवर गरम हवेचं ब्लँकेट फुल सोडते. एकीकडे खोली थंड करायची, दुसरीकडे त्या खोलीतल्या माणसाला गरम करायचं, दोन्ही विजेवर.

१९९६ च्या अभ्यासात आतड्याच्या शस्त्रक्रियेचे २०० पेशंट होते. ज्यांना उबदार ठेवलं त्यांच्यात जखमेचं इन्फेक्शन ६ टक्के, जे थंड पडले त्यांच्यात १९ टक्के. हा आकडा सरांसमोर ठेवला. पेशंटला भूल देऊन ड्रेप होईपर्यंत २१ अंश, नंतर त्यांना हवं तर २०, असं ठरलं. १८ बंद. ‘‘तुम्ही बसून असता,’’ असं म्हणाले मला. हेही खरंच आहे.

८ मे

हर्नियाच्या ट्रेमध्ये ६३ इन्स्ट्रुमेंट्स. सलग दहा केस मोजल्या, सर्वांत जास्त वापरली गेली ती १९. बाकीची उघडली, मोजली, परत मोजली, धुतली, ऑटोक्लेव्ह केली आणि न वापरता पुन्हा ट्रेमध्ये बसली.

सिस्टरांचा उत्साह इथे सर्वांत जास्त, आणि कारण पर्यावरण नव्हे. मोजायला कमी म्हणजे मोजणीत चूक कमी. आत काही राहून जाण्याची भीती त्यांच्याइतकी कुणालाच नसते.

ट्रे ३० वर आणला. सर म्हणाले, लांब आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) आणि डेव्हर (जखम उघडी धरणारं) काढू नका, वर्षातून दोनदा लागतात पण लागतात तेव्हा लगेच लागतात. बरोबर आहे. ती वेगळी पॅक करून, सीलबंद, खोलीतच कपाटात. सुपरवायझरनी मात्र हटकलं : सुटी इन्स्ट्रुमेंट्स एकेकटी पॅक करत बसलात तर रॅप आणि ऑटोक्लेव्हमधली जागा उलट जास्त लागेल. म्हणून दोन-तीनच पाकिटं, सुटं-सुटं काही नाही. आणि ऑटोक्लेव्ह अर्धा भरलेला चालवायचा नाही, हे त्यांनीच स्वतःहून जोडलं.

२६ मे

कापडी गाऊन परत आणायचे की नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात दोन्ही चालतील असं आहे, फक्त निर्जंतुक हवेत. जुनं सुती कापड नको, घट्ट विणीचं, पाणी न झिरपणारं हवं. लाँड्रीत दिव्याचं टेबल हवं, प्रत्येक गाऊन त्यावर पसरून भोक दिसतं का बघायला. टेबल मागवलंय. तोपर्यंत काही नाही.

१२ जून

कॉटरीचा (विजेने कापून रक्त थांबवणाऱ्या उपकरणाचा) धूर. स्क्रब सिस्टर कितीतरी दिवस डोकं दुखतं म्हणत होत्या, आम्ही ‘पाणी पी’ म्हणत होतो. त्या धुरात बेंझीन, हायड्रोजन सायनाइड असतं, विषाणूंचे अंशही सापडलेले आहेत. कॉटरीच्या धुरातले कण सरासरी ०.०७ मायक्रॉनचे. सर्जिकल मास्क त्यांना अडवत नाही, तो आपल्या तोंडातले थेंब पेशंटवर जाऊ नयेत म्हणून असतो. साध्या सक्शनने थोडा धूर जातो, पण त्याची ओढ कमी पडते.

धूर ओढणारं, अल्पा (हेपाहूनही बारीक) फिल्टरचं यंत्र आणलं. नळीचं तोंड कॉटरीच्या टोकापासून ५ सेंमीच्या आत हवं, नाहीतर नुसता आवाज. आवाज हीच तक्रार आली. मग कॉटरीच्या पेन्सिललाच नळी जोडलेली आणली, पायाच्या पेडलबरोबर चालू होणारी. तिचं टोक जाड आहे, खोल जागी दिसत नाही, म्हणून खोल केसला अजून वेगळी नळी. फिल्टर आणि नळ्या हा नवा कचरा आहे, तो मी पहिल्या रकान्यात उणे चिन्हाने लिहिला. रजिस्टरमधलं हे पहिलं उणे. सिस्टरांचं डोकं आता कमी दुखतं.

३ जुलै

आज एक होता होता टळलं. स्पिरिटयुक्त सोल्युशनने त्वचेचं पेंटिंग झालं, ड्रेप पडले, सर्जननी कॉटरी हातात घेतली. रेसिडेंटला कुशीखालचा टॉवेल ओला दिसला. थांबवलं, ड्रेप काढले, टॉवेल बदलला, पुन्हा पेंट, पुन्हा थांबलो. कुणी रागावलं नाही, एवढं चांगलं.

जळणारं, ठिणगी आणि ऑक्सिजन तिन्ही एकत्र आले की आग. कोरड्या त्वचेला किमान तीन मिनिटं, केस असतील तिथे बरंच जास्त. चेहऱ्याजवळच्या केसमध्ये मास्कने उघडा ऑक्सिजन द्यायचा तर ३० टक्क्यांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ ची, तीन टप्प्यांची, आणि २००९ मध्ये आठ रुग्णालयांतून आलेले आकडे तेव्हा सर्वांनी वाचले होते : मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. आमच्या टाइम-आउटमध्ये (छेद घेण्याआधीच्या तपासणीत) आता एक ओळ वाढवली : ‘पेंट सुकलं का, खाली साचलंय का?’ विचारायचं सर्जननी नाही, जो वाकून बघू शकतो त्याने.

१८ ऑगस्ट

न जमलेलं : हात धुण्याच्या नळांना पायाचा खटका बसवला, दोनदा बिघडला, लोक परत कोपरानेच. प्रोपोफोलच्या मोठ्या बाटल्यांऐवजी २० मिलीच्या मागवल्या, उरणारं औषध कमी झालं पण काच वाढली, नक्की काय चांगलं ते ठरत नाही. दोन थिएटरमध्ये फ्लो परत ३ लिटरवर गेलेला दिसला. नवे रेसिडेंट आलेत. फळा परत काढावा लागणार.

९ सप्टेंबर

पाइपलाइन बंद करायला मंजुरी आली.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी सहापासून. नायट्रसची मेन झडप बंद, दाब सोडला, मॅनिफोल्ड वेगळा केला, सगळे नायट्रस आउटलेट टोपण घालून सील. यंत्रांवर लहान सिलिंडरं, झडप बंद, चावी यंत्रालाच साखळीने.

पाइपलाइनला हात लागला की माझी झोप उडते. नळ्या अदलाबदल होऊन ऑक्सिजनच्या तोंडातून नायट्रस आल्याने माणसं दगावली आहेत, आणि तेव्हाही कुणीतरी ‘काम पूर्ण’ अशी सही केलेलीच होती. म्हणून प्रत्येक थिएटरमधल्या आणि रिकव्हरीमधल्या प्रत्येक ऑक्सिजन आउटलेटवर स्वतः ऑक्सिजनचे टक्के मोजणारा ॲनालायझर लावला. एअरच्या आउटलेटवरही, तिथे २१ यायला हवं. इंजिनिअर आकडा वाचत होते, सिस्टर लिहीत होत्या, मी परत वाचत होते. रिकव्हरीतल्या एका आउटलेटवर ९४ आला. सगळे गप्प. ॲनालायझरची नळी पूर्ण बसली नव्हती. बसवली, ९९. तरीही तिघांनी आणखी दोनदा.

दुपारी दोनला इमर्जन्सी आली, अपेंडिक्स. नेहमीसारखी झाली.

मामांनी विचारलं, आता मॅनिफोल्ड रूमचा नायट्रसचा कोपरा मोकळा आहे, तिथे बसून चहा प्यायला हरकत नाही ना. ऑक्सिजनची सिलिंडरं शेजारीच आहेत, म्हटलं, आणि तुमच्या खिशात काडेपेटी असते. ‘‘मग खुर्ची बाहेर ठेवतो,’’ म्हणाले.

१३ ऑक्टोबर

थिएटर २ चा एक्झॉस्ट डॅम्पर (हवेची झडप) अजून अर्ध्यातच अडकतो, सुटा भाग यायचाय. तोवर तिथे रात्री पूर्ण वेग. गाऊनचं दिव्याचं टेबल आलं, पहिल्या खेपेत अकरा गाऊनना टाचणीएवढी भोकं. फळा काढला, रेसिडेंटना तेच सूत्र. टिश्यूची पट्टी आज सकाळी तिन्ही दारांशी बाहेर उडाली.